फरांगीस खानमची रिकामी भिंत

इराणमधल्या काशानजवळच्या आमच्या आरान गावात जिकडे बघावं तिकडे गालिच्याचे कारखाने. पूर्वी आमच्या आया-मावश्या घरात मागावर बसून वर्षभर एकच गालिचा विणायच्या. आता आम्ही लॅपटॉपसमोर बसून नक्षी भरतो आणि यंत्र ती दुपारपर्यंत विणून मोकळं होतं. लोकांना वाटतं, संगणकच सगळं करतो. डोंबल करतो! जुन्या कागदी नक्षीचा फोटो आत टाकला की पडद्यावर नुसता चिखल दिसतो. त्यातला एक एक बारीक चौकोन मोठा करून, हा डाळिंबी की विटकरी, तो पिस्त्याचा हिरवा की फिरोजी, हे माणसालाच ठरवावं लागतं. एक चौकोन म्हणजे एक गाठ, आणि एका गालिच्यात अशा लाखो. थोडक्यात काय, दिवसभर डोळे फाडून पडद्याकडे बघायचा आम्हाला पगार मिळतो.

आमच्या नक्षीघरात सगळ्यात जुनी फरांगीस खानम. वय पन्नाशीच्या पुढे, अंगाने बारीक, आवाजाने मोठी. लहानपण मागावर गेलं, तरुणपण कागदावर नक्षी रंगवण्यात गेलं, आणि कारखान्यात लॅपटॉप आले तेव्हा तिच्या बरोबरीचे सगळे बाप्ये उस्ताद "ही पोरासोरांची खेळणी" म्हणून घरी बसले. ही नाही बसली. पहिले काही दिवस माऊस हातात मेलेला उंदीर धरल्यासारखा धरायची म्हणे. मग शिकली. आणि अशी शिकली की मी इथे लागले तेव्हा मला तिनेच शिकवलं. मी गोलनार. माझं टेबल तिच्या शेजारी आहे, त्यामुळे तिच्या शिव्या सगळ्यात आधी माझ्याच कानावर पडतात.

शिव्या देते म्हणून कुणी तिला वाईट समजू नये. दाराजवळ बसणारी सेपीदे नवीन होती तेव्हा तिने एक अख्खी किनार उलटी लावून ठेवली होती. मालक तावातावाने वर आले. सेपीदेची तर दातखीळच बसली. फरांगीस खानम मान वर न करता म्हणाली, "मी सांगितलं होतं तसं लावायला. माझी चूक." मालक गेल्यावर मात्र तिने सेपीदेला असं झापलं, असं झापलं, की मालकांनी झापलेलं परवडलं असतं. पण दुपारी स्वतःच्या डब्यातली कूकू सब्जी तिच्याच पुढे सरकवली. अशी बाई आहे.

तर मागच्या हिवाळ्यात तिचे डोळे बिनसले. सकाळी ठीक असायची. दुपारनंतर डोळे चुरचुरायचे, कपाळ ठणकायचं, अक्षरं दोन-दोन दिसायची. ती कुणाला बोलली नाही. मी बघत होते, की ती रंगाचा एक एक डबा पडद्यावर उघडते, नाक लावून बघते, बंद करते, पुन्हा उघडते. एकदा विचारलंही.

"खानम, काय झालंय?"

"तुझं तोंड झालंय. आपलं काम कर."

मग व्हायचं तेच झालं. यंत्रावरून एक गालिचा उतरला, आणि त्यावरची सगळी पानं फिरोजी. मालक तो गालिचा खांद्यावर टाकून स्वतः वर आले. आमचे मालक म्हणजे हाजआगा, सत्तरीचे, पांढरी दाढी, हातात कायम तस्बीहची माळ. त्यांनी गालिचा तिच्या पायाशी उलगडला.

"फरांगीस खानम, ही कुठल्या झाडाची पानं? आमच्या आरानात तर अशी निळी पानं उगवत नाहीत."

"माझ्या डोळ्यांत उगवली असतील, हाजआगा."

त्यांना ओरडायचं होतं. पण हे ऐकून त्यांचा आवाज खाली आला, आणि तेच वाईट झालं. "खानम, तुम्ही या कारखान्याचा आधार आहात. जिवाला त्रास करून घेऊ नका. नवरोजपर्यंत बघू. नाही जमलं, तर खाली पॅकिंगमध्ये तुम्हाला चांगली खुर्ची देतो, हीटरजवळ. पगार तोच. प्लास्टिक गुंडाळायला डोळे लागत नाहीत."

ती "आपली कृपा" म्हणाली. आमच्याकडे असंच म्हणतात. ते गेल्यावर तिने गालिच्याची गुंडाळी केली आणि माझ्याकडे वळली. "ऐकलंस? हीटरजवळ! मी काय मांजर आहे? सात वर्षांची होते तेव्हापासून रंगांत बसतेय मी. प्लास्टिक गुंडाळायला लागले ना, गोलनार, तर एक दिवस मलाच गुंडाळून ट्रकमध्ये टाका." हसत बोलली खरी. नवरोज, आमचा नववर्षाचा सण, दोन महिन्यांवर होता.

तिला डॉक्टरकडे मी नेलं. नेलं म्हणजे ओढत नेलं. त्याआधी गावाने उपाय सुचवायचे ते सुचवून झाले होते. कुणी गुलाबपाण्याचे बोळे ठेवायला सांगितलं, कुणी गाजराचा रस, माझ्या सासूने तर नजर उतरवायला इस्फंदचा धूर केला आणि त्या धुराने दोघींचेही डोळे आणखी लाल झाले. काशानच्या डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं आणि म्हणाल्या, "डोळ्यांत खोट नाही. डोळे दमलेत. खानम, तुम्ही पडद्याकडे बघताना पापण्याच मिटत नाही. डोळे कोरडे पडलेत."

"पापणी मिटली की गाठ चुकते."

"पापणी मिटली नाहीत म्हणून पानं निळी झाली. दर वीस मिनिटांनी मान वर करा आणि लांब बघा. जमेल तितकं लांब. जवळ बघून बघून डोळ्याचा आतला स्नायू आखडतो, त्याला सैल सोडा."

आणखीही बरंच सांगितलं. फरांगीस खानमने ते सगळं ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी नक्षीघरात असा अंमल सुरू केला, की कुराणातली आयतच उतरलीय असं वाटावं. सगळ्यांचे लॅपटॉप मागे सरकवले. हात लांब केला की बोटं पडद्याला टेकली पाहिजेत, त्याहून जवळ बसलं की मानेवर टपली. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या किंचित खाली. खिडकीचा उजेड पडद्यावर पडू नये म्हणून टेबलं आडवी फिरवली. पडद्याचा झगझगाट इतका कमी करायला लावला, की शेजारी ठेवलेला कागद आणि पडदा सारखेच दिसावेत. चहाचा थर्मास माझ्या टेबलावरून उचलून पार त्या टोकाला नेला, का तर उठायला लागावं. एक रंग भरून झाला की पापण्या मिटायच्या, हाही नियमच. "आई म्हणायची, गाठ मारली की श्वास घे. आता गाठ मारली की पापणी." सगळ्यांनी केलं. आम्हाला बरं वाटायला लागलं. सेपीदेची डोकेदुखी गेली. माझ्या डोळ्यांतली वाळू गेली.

तिची मात्र जात नव्हती. आमच्याहून जास्त काम ती करायची, आमच्याहून जास्त वर्षं तिच्या डोळ्यांवर होती, आणि लांब बघून डोळे सैल सोडायचे म्हणजे सोडायचे कुठे हेच तिला मिळत नव्हतं.

नक्षीघर लांबलचक आहे. डाव्या हाताच्या खिडक्यांतून रंगखाना दिसतो, तिथे सुताच्या लडी वाळत असतात. लांबचं बघायला म्हणून ती तिकडे बघायची आणि दोन मिनिटांनी ओरडायची, "अरे, तो लाल फिका आलाय! कुणीतरी सांगा त्याला!" म्हणजे झाली विश्रांती. छतावरून वाळवंट दिसतं, पण छतावर जायचं तर सगळं विणकामाचं शेड ओलांडून, तीन जिने चढून. दर वीस मिनिटांनी कोण जाणार?

उरली समोरची भिंत. लांब, सावलीतली, डोळ्यांना हवी तशी. आणि त्या भिंतीवर हाजआगांच्या आईने विणलेला गालिचा.

तो गालिचा आमच्या कारखान्याची इज्जत. हाताने विणलेला, रेशमाच्या काठाचा, मधे डाळिंबाच्या फुलांची वेल. तेहरानहून गिऱ्हाईक आलं की आधी त्याच्यासमोर उभं करतात. हाजआगा रोज सकाळी आत आले की आधी त्याच्याकडे बघायचे, मग आमच्याकडे. आम्ही समजायचो, आईला सलाम करतायत.

एके दिवशी फरांगीस खानमने मान वर केली, भिंतीकडे बघितलं, पुन्हा खाली घातली आणि टेबलावर हात आपटला.

"गोलनार! मी मोजतेय!"

"काय मोजताय?"

"गाठी! विश्रांती म्हणून बघते त्या गालिच्याकडे आणि मोजत बसते. आणि दर वेळी वर उजव्या..." ती एकदम थांबली.

मी पण थांबले. मग मी हळूच विचारलं, "वर उजव्या कोपऱ्यात?"

तिने माझ्याकडे बघितलं. "तूही?"

दारापाशी सेपीदे खुदकन हसली. "डाळिंबाच्या फुलाचा देठ," ती पडद्याआड तोंड लपवत म्हणाली. "तुटलाय. मला वाटायचं मलाच दिसतो."

झालं! एकेकीने कबूल केलं. प्रत्येकीला तो देठ माहीत होता. फुलापासून वेलीपर्यंत येता येता मधेच दोन गाठींनी सरकलेला. आम्ही वर्षानुवर्षं त्या गालिच्यासमोर बसून "माशाल्ला, काय हात होता बाईंचा" म्हणत होतो, आणि एकीनेही दुसरीला ते सांगितलं नव्हतं. मालकांच्या आईच्या गालिच्यात खोट काढायची? आमच्याकडे पाहुण्याच्या चहात माशी पडली तरी तो "वा, काय चव" म्हणून पितो. आणि एकदा ती खोट दिसली की डोळा दुसरीकडे जातच नाही. आम्ही विश्रांती म्हणून मान वर करायचो आणि थेट त्या देठावर जाऊन अडकायचो. दुसऱ्या कुठल्या गावच्या माणसांनी समोरच्या भिंतीवर एक सुंदर गालिचा बघितला असता. आमची जात गाठी मोजणारी, आम्हाला सुंदर गालिच्यासमोर विश्रांती कुठून मिळणार?

"उलटा टांगू या," मी म्हटलं.

"अक्कल गहाण टाकलीस का? पाठीमागून तर गाठी आणखीच स्पष्ट दिसतात."

तेही खरंच होतं. मग ती उठली, रुमाल नीट केला आणि खाली मालकांकडे गेली. मी मागोमाग गेले, कारण ती काय बोलेल याचा भरवसा नव्हता. पण तिथे तिचीही जीभ वळेना. जी बाई आम्हाला दिवसभर तासते, ती मालकांसमोर मधाळ झाली.

"हाजआगा, आपल्या मातोश्रींच्या गालिच्यावर धूळ बसलीय. मनाला लागतं. काही दिवस काढून ठेवला तर?"

"नक्षीघराची भिंत उघडी ठेवू? लोक म्हणतील, हाजीचं दिवाळं निघालं." मग त्यांनी विचार केला. "धूळ म्हणता तर धुवून आणू. खरंय, बरीच वर्षं झाली."

गालिचा धुवायला गेला. आणि खरं सांगते, ते दिवस म्हणजे सुखाचे दिवस होते. भिंतीवर नुसता मातकट गिलावा. फरांगीस खानम मान वर करायची, बघायची, आणि तिच्या खांद्यांवरून काहीतरी उतरायचं, ते मला शेजारून दिसायचं. दुपारनंतरही रंग ओळखू येऊ लागले. एकदा तर तिने माझ्या पडद्यावरचा पिस्त्याचा हिरवा उभ्या उभ्या लांबूनच ओळखला, आणि "हा फिरोजी नाही, हं!" असं ओरडून स्वतःच हसली. मी तिला इतकी हलकी कधी बघितली नव्हती. मला रडूच आलं, पण मी ते चहाच्या घोटाबरोबर गिळलं.

मग गालिचा परत आला. धुवून असा उजळला होता, की तुटलेला देठ दारातूनच दिसायला लागला.

दोन दिवसांत तिचं कपाळ पुन्हा ठणकू लागलं. दुपारी ती पुन्हा रंगांचे डबे उघडून नाक लावून बघायला लागली. नवरोज तोंडावर आला होता, त्यासाठी पेरलेली गव्हाची रोपं घराघरांत उगवली होती. खाली पॅकिंगमध्ये हीटरजवळ एक नवीन खुर्ची आलेली सेपीदेने बघितली, आणि मूर्खासारखं वर येऊन सांगितलं.

त्या दिवशी हाजआगा वर आले, सवयीने आधी भिंतीकडे बघितलं, मग आमच्याकडे वळून "खुश आहात ना सगळ्या" म्हणाले. फरांगीस खानम उभी राहिली.

"नाही, हाजआगा."

नक्षीघरातले सगळे माऊस थांबले. आमच्याकडे या प्रश्नाला "नाही" हे उत्तरच नसतं.

"तो गालिचा काढा. धूळ वगैरे मी खोटं बोलले. डॉक्टरीणबाईंनी लांब बघायला सांगितलंय आणि लांब तोच आहे. मी त्याच्याकडे बघितलं की माझ्या डोळ्यांना विश्रांती मिळत नाही. भिंत रिकामी होती तेव्हा मला सगळे रंग दिसत होते. मला खाली पाठवू नका. ती भिंत मला रिकामी द्या." तिला धाप लागली होती. "आणि का विश्रांती मिळत नाही, ते विचारू नका. माझी जीभ रेटत नाही."

हाजआगांची पाठ गालिच्याकडे होती. ते वळले नाहीत. तस्बीहचे मणी थांबले.

"वर, उजव्या कोपऱ्यात," ते म्हणाले. "देठ दोन गाठी सरकलाय."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मीच सरकवलाय."

कुणी बसायला सांगितलं नाही तरी ते माझ्या टेबलाला टेकले.

"आई विणायची आणि मी शेजारी बसून कागदावरची नक्षी मोठ्याने वाचायचो. दोन लाल, एक हिरवा, तीन निळे. तिला मान वळवायला लागू नये म्हणून. आठेक वर्षांचा असेन. पोटभर आबगूश्त खाल्लेलं, दुपारचं ऊन, मला पेंग आली आणि एक ओळ गाळली. आईने विणलं. ती माझ्या आवाजावर विणायची ना. संध्याकाळी वडील बाजारातून आले आणि त्यांनी गाठी मोजल्या. वडिलांचा हात जड होता. मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, चूक माझी. माझे डोळे गेलेत."

सेपीदेने माझा हात धरला.

"मग?" फरांगीस खानमने विचारलं.

"मग काय. वडील म्हणाले, डोळे गेले असतील तर ऊठ. वरच्या राहिलेल्या ओळी मावशीने विणल्या. आई पुन्हा कधी मागावर बसली नाही." त्यांनी दाढीवरून हात फिरवला. "ती मरेपर्यंत एका झटक्यात सुईत दोरा ओवायची. वडील घरात नसले की. मी बघायचो. मी रोज सकाळी इथे येतो, खानम, आणि आधी तो देठच बघतो."

हाजआगांनी फरांगीस खानमकडे बघितलं, नीट, बराच वेळ.

"आणि मी तुम्हाला हीटरजवळ बसवायला निघालो होतो," ते म्हणाले.

त्यांनी स्टूल मागवलं. आम्ही सगळ्या "नको, आम्ही काढतो" म्हणून धावलो, पण त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. सत्तरीचा माणूस स्टुलावर चढला, गालिचा खिळ्यांवरून उतरवला आणि गुंडाळून काखेत घेतला. "घरी जमिनीवर घालतो. नातवंडं लोळतील. तिने तो पायाखाली घालायला विणला होता."

फरांगीस खानमने माझी खुर्ची ओढली, मला न विचारता, आणि ती भिंतीकडे तोंड करून ठेवली.

"बसा, हाजआगा. जवळ बघून बघून डोळे दमलेत तुमचे. लांब बघा."

ते बसले. आज्ञाधारक मुलासारखे बसले. समोर मातकट गिलावा, आणि गालिचा होता तिथे एक फिकट चौकोन.

"काय दिसतंय?"

"काही नाही."

"मग पापण्या मिटा. आता उघडा. पुन्हा मिटा."

त्यांनी मिटल्या. उघडल्या तेव्हा दोन्ही डोळ्यांतून पाणी दाढीत उतरत होतं, आणि ते बाहीने पुसायला लागले.

"पुसू नका," फरांगीस खानम म्हणाली. "कोरडे पडले होते ते."